वॉल्टरचा सतरावा डाव

“हिला मराठी वाचता येतं ना गं, का नुसतं समजतं?” डॉक्टरकाका आतल्या खोलीत काकूंना विचारत होते. आपण हळू बोलतोय असा त्यांचा समज होता, पण ऐकू कमी येणारी माणसं हळू बोलतात तेही दारापर्यंत पोचतं. मी आणि आई दाराशी चपला काढत होतो. काकूंनी तोंड उघडायच्या आत आईनेच इकडून उत्तर दिलं, “येतं ना काका! पुण्यात सहावीपर्यंत शाळेत होती. सगळं येतं तिला.” मी खाली वाकून सँडलचा पट्टा सोडवत बसले. तो आधीच सुटलेला होता.

मला येत होतं, पण सगळं नाही. आमच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास. अक्षरं यायची, जोडाक्षरांपाशी मी जरा थांबायचे आणि पुढे जायचे. आकडे मात्र कधी धड शिकलेच नाही. गणित इंग्रजीत, तारखा इंग्रजीत, आणि मराठीचं पुस्तकसुद्धा बाई “ओपन पेज ट्वेंटी-थ्री” म्हणून उघडायला लावायच्या. दोन, तीन, चार, आठ ओळखीचे वाटत. बाकीचे मी आजूबाजूला बघून, अंदाजाने ओळखायचे. त्यातही एक आणि नऊ हे दोघं मला सख्खे भाऊ वाटत, एकाची शेपटी इकडे, दुसऱ्याची कुठे, ते लक्षात राहत नसे. अकराव्या वर्षी आम्ही इकडे आलो आणि मग हे कळलं नाही तरी चालायला लागलं. आज मी सांता क्लाराच्या एका ऑफिसात दिवसभर आकड्यांचीच कामं करते. कोणी विचारलं तर हसून सांगते की मला गणित पहिल्यापासून आवडायचं. बाकीचं सांगत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही कॅरी नावाच्या गावात होतो आणि आमच्या घरात सगळेच थकलेले होते. बाबा सकाळी हायवेवर आणि संध्याकाळी हायवेवर, मधला वेळ ते कुठे असतात ते आम्हाला खरं तर माहीत नव्हतं. त्यांचे इथे कायम राहायच्या परवान्याचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते, त्यामुळे माझेही अडकले होते. माझं हायस्कूल संपलं होतं, मैत्रिणी कॉलेजच्या खोल्यांसाठी चादरी निवडत होत्या, आणि मी फॉर्ममधल्या एका चौकोनापाशी थांबून होते. आई पुण्यात बँकेत होती. इथे तिला नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून ती दिवसातून दोनदा ओटा पुसायची. फ्रीजमध्ये बर्फ पडल्याचा आवाज आला तरी आम्ही तिघंही दचकून दाराकडे बघायचो. कोणी बोलावलं की आई अशा घरातून लगेच निघे. काकूंनी फोनवर “यांना कोणीतरी वाचून दाखवणारं हवंय गं” म्हटल्याबरोबर तिने मला देऊन टाकलं.

डॉक्टरकाका नागपूरचे. इकडे आलेल्या पहिल्यावहिल्या मराठी डॉक्टरांपैकी, आता निवृत्त. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग पडला होता, कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत. मला ते फार बरं वाटे. कोणी सरळ डोळ्यांत बघितलं की माझं बोलणं आटायचं. काकू मात्र सरळ बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे थालीपीठ आणि घट्ट दह्याची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, “खा. आणि ऐक, हे तुला पुराण वाचायला लावणार नाहीयेत. यांची एक वही आहे. माझ्या बाळंतपणाची तारीख विचार, आठवायची नाही. पण कुठल्या बाप्याने कुठल्या डावात झेल सोडला ते तोंडपाठ.”

“तोंडपाठ असतं तर हिला कशाला बोलावलं असतं?” काका म्हणाले.

“मला वाचता येत नाही म्हणून नाही हो बोलावलं हिला. मला कंटाळा येतो म्हणून.”

वही लांबट, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची होती. काका तरुणपणी त्याच राज्यातल्या एका गिरणीच्या गावात, तिथल्या लहानशा हॉस्पिटलात नोकरीला लागले होते. काकू अजून आल्या नव्हत्या. गावात सुट्टीच्या दिवशी उघडं असायचं ते चर्च आणि बेसबॉलचं मैदान. मैदानावर एक पगारी संघ खेळायचा, सगळ्यांत खालच्या पायरीवरचा, तिथून वर चढायची आशा असलेल्या पोरांचा. काका पहिल्यांदा गेले ते खेळासाठी नाही. कुंपणाबाहेर एक म्हातारी मोठ्या पातेल्यात भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडत होती. “मी वासावर गेलो,” ते मला म्हणाले. “हजारो मैल लांब येऊन उकडलेल्या शेंगा! रडूच आलं मला. मग शेंगा संपेपर्यंत बसायला जागा हवी म्हणून तिकीट काढलं.” क्रिकेटचा धावफलक लिहायची त्यांना कॉलेजपासून सवय होती, म्हणून ते हाही खेळ लिहायला लागले. लिहिण्याची रीत इथलीच, फक्त तिचं त्यांनी मराठी केलं. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक नंबर असतो. चेंडू टाकणारा पिचर तो एक, त्याच्यासमोर बसून चेंडू झेलणारा दोन, असं करत करत अगदी लांब उजवीकडे, कुंपणापाशी उभा असतो तो नऊ, राइट फील्डर. झेल घेतला की ‘झे’ आणि पुढे ज्याने घेतला त्याचा नंबर. चूक झाली की ‘चू’ आणि नंबर. सगळं पेन्सिलीने, बारीक, मराठी आकड्यांत.

“मराठीत का?” हा मी त्यांना आपण होऊन विचारलेला पहिला प्रश्न.

त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. “दिवसभर दुसरं कुठेच लिहायला मिळायचं नाही गं,” म्हणाले.

आम्हाला सगळी वही नको होती, एकच सामना हवा होता. एका रविवारी दुपारी सुरू झालेला सामना. खेळ नऊ डावांचा असतो, पण नवव्या डावाअखेर दोन-दोन अशी बरोबरी झाली, आणि बरोबरी असली की खेळ थांबत नाही, एकेक डाव पुढे चालूच राहतो. हा सतरा डाव चालला. गावाच्या संघाचा पिचर वॉल्टर नावाचा तरुण होता आणि सतराच्या सतरा डाव त्यानेच टाकले. आजकाल कोणाला असं टाकू देत नाहीत, काका म्हणायचे, आणि तेव्हाही द्यायला नको होतं. आता त्या गावाच्या लायब्ररीने जुन्या मैदानावर एक छोटा कार्यक्रम ठरवला होता. लायब्ररीतल्या मिस डोनाला त्या सामन्याचा पूर्ण तक्ता छापायचा होता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, बाकी कुठेच काही उरलं नव्हतं. फक्त काकांची वही, आणि ती वाचता येणारं गावात कोणी नव्हतं.

मग रोज दुपारी मी वाचायचे आणि लॅपटॉपवर इंग्रजीत उतरवायचे. बाहेर झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा आवाज, आत काकूंच्या कुकरचा. “पाचवा डाव. पहिला, झे आठ. दुसरा, झे… एक.”

“कुंपणापाशी झेल घेतला ना त्याने? मला आठवतोय. मग एक कसा असेल? नऊ असणार. पुसट झालंय का?”

“हो, पुसट झालंय,” मी म्हणायचे. पुसट काही नव्हतं. असं चार-पाचदा झालं. दर वेळी ते आठवणीतून दुरुस्त करत आणि मी पेन्सिलीला नावं ठेवत असे. एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण तेवढ्यात आई मला न्यायला आली आणि काकू तिला म्हणाल्या, “गुणी आहे हो तुझी मुलगी. आमच्या नातवंडांना अ काढता येत नाही.” आईचा थकलेला चेहरा कधी नव्हे तो असा उजळला की मी पुन्हा सँडलच्या पट्ट्याकडे वळले.

चौदा डाव झाले आणि काकांना डोळ्यांत इंजेक्शन द्यायची तारीख आली. दोन दिवस पडून राहा म्हणाले डॉक्टर. मिस डोनाला शुक्रवारी छपाईला द्यायचं होतं. काकांनी फोन केला, “सई, तीनच डाव राहिलेत ना? ते मला पाठ आहेत, ऐकायची गरज नाही. तू वही घरी ने, उतरव आणि दे पाठवून.” जो भाग त्यांना पाठ होता, तो त्यांनी एकट्या माझ्या हवाली केला.

सतराव्या डावातल्या एका चौकोनात ‘चू’ लिहिलं होतं आणि पुढे आकडा. मी दिव्याखाली धरून बघितला. एक वाटला. मग नऊ वाटला. फोन करता आला असता. काकूंनी उचलला असता, मग मला सांगावं लागलं असतं की मला हे वाचता येत नाही, आणि मग आधीची सगळी पुसट पेन्सिल बाहेर आली असती. वहीत वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण चिकटवलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की पिचरने चेंडू वाटेल तिकडे भिरकावला आणि सामना गेला. ते इंग्रजीत होतं, छापलेलं होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पिचर म्हणजे एक. मी एक टाइप केला आणि मेल पाठवून दिली. स्वयंपाकघरात आई विचारत होती, “झालं का गं?” मी “झालं” म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी काकू चालवत होत्या. काका पुढे, मी मागे, वही माझ्या मांडीवर. अर्ध्या वाटेत काकांनी मान थोडी वळवली आणि शेवटच्या डावाची गोष्ट सांगायला लागले. एक माणूस पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर होता. दुसऱ्याने बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवला. वॉल्टर धावत पुढे आला, त्याचा पाय घसरला, पडता पडताच त्याने चेंडू पहिल्या बेसकडे फेकला आणि तोंडावर गवतात आपटला. “फेक सरळ होती, सई. मी समोरच बसलो होतो. चेंडू धावणाऱ्याच्या टाचेला लागला आणि मागे गेला, त्याला कोण काय करणार? मागे राइट फील्डर आलेला होता, चेंडू त्याच्या पुढ्यात आला आणि पायांतून निसटून कुंपणापर्यंत गेला. पहिल्या बेसवरचा माणूस पळत फेरी पुरी करून आला, त्यांची धाव झाली. तीन-दोन. हरलो. आणि वॉल्टर गवतात पडलेला! त्याने मान वर केली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्याने बघितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी वॉल्टर सुजलेलं कोपर घेऊन हॉस्पिटलात आला होता. ते कोपर पुन्हा कधी पूर्ण सरळ झालं नाही. पट्टी बांधताना काकांनी त्याला सांगितलं, चूक तुझी नव्हती, माझ्या वहीत तसं लिहिलंय. त्याने वही उघडून बघितली आणि म्हणाला, डॉक, हे मला वाचता येत नाही. पेपर मात्र वाचता येतो, आणि गावालाही. पुढे तो गिरणीत लागला, गिरणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवायला लागला. त्या बसमधली मुलंसुद्धा त्याला त्या फेकीवरून चिडवायची. “राइट फील्डर केव्हाच गेला बिचारा, त्याला आता काही त्रास नाही,” काका म्हणाले. “वॉल्टरला हे एकदा छापलेलं बघू दे, म्हणजे झालं. मी त्याला सांगितलं होतं, बघ, एक दिवस येईल इंग्रजीत.”

“पंचेचाळीस वर्षं झाली, अजून त्या पोराचं कोपर धरून बसलेत,” काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मऊ होता.

मी मागे वही उघडली. पाचव्या डावातला काकांनी दुरुस्त केलेला नऊ शोधला, मग सतराव्यातला आकडा बघितला. तीच डावीकडची गाठ, तीच खाली ओढलेली शेपटी. मुळाक्षरं गिरवणाऱ्या पोरालाही दिसलं असतं. मी वही मिटली. अजून तासभर होता. मी त्या तासात पन्नास वेळा “काका” म्हणायला तोंड उघडलं असेल. आता कधी विचार करते तेव्हा त्या तासाचीच जास्त लाज वाटते. आकड्याची चूक न कळून झाली होती. त्या तासात मला सगळं कळलेलं होतं.

मैदान म्हणजे आता बंद गिरणीच्या मागचं नुसतं गवत. त्यावर एक पांढरा तंबू, घडीच्या खुर्च्या, पाऊणशे-एक माणसं, बहुतेक म्हातारी, वारा घ्यायला प्रत्येकाच्या हातात त्या तक्त्याचा छापील कागद. वॉल्टर पहिल्या रांगेत होता. उंच, वाळलेला, इस्त्रीचा निळा शर्ट, उजवा हात कोपरात किंचित वाकलेला. शेजारी त्याची मुलगी. काकांना बघून तो उठला, दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. “म्हातारा झालास, डॉक,” तो म्हणाला. “तू कसा दिसतोस ते मला दिसत नाही, म्हणून मी काही बोलत नाही,” काका म्हणाले. वॉल्टर मोठ्याने हसला. त्याने अजून कागद उलटून बघितला नव्हता.

मिस डोनाने माइकवरून एकेक डाव वाचायला सुरुवात केली. माणसं मधेमधे टाळ्या वाजवत होती, नावं ऐकून माना हलवत होती. नववा झाला, बारावा झाला. मी उठून तिच्याकडे जाऊ शकत होते, दहा पावलं होती. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. सतरावा आला. तिने सावकाश, हळुवार आवाजात वाचलं, “एरर, पिचर.”

मागे एक म्हातारा जरासा खोकला. वॉल्टरने कागद उलटला, ती ओळ शोधली, त्यावर अंगठा ठेवला. मग तो काकांकडे वळून म्हणाला, “म्हणजे तूही तेच लिहिलं होतंस, डॉक.” रागाने नाही. बसमधल्या शेवटच्या मुलाला उतरवून दिल्यासारखा दमलेला होता तो आवाज. “ठीक आहे. त्या दिवशी मला बरं वाटावं म्हणून बोललास. मला बरं वाटलं होतं.”

काकांचा चेहरा कोरा झाला. ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे वळले. “सई, वहीत काय आहे गं?”

मी वही उघडली. सतरावा डाव काढला.

“सांग ना. एक आहे?”

मी गप्प. मग त्यांनी मान हलवली. “तू सांगायला कचरतेयस म्हणजे तसंच असणार,” ते हळूच म्हणाले. “माझ्याच हातचं आहे. त्या वेळी समोर बसून लिहिलेलं खोटं कसं असेल? मीच मग मनात काहीतरी धरून बसलो असेन. एवढी वर्षं.” काकू त्यांचा दंड धरून म्हणाल्या, “अहो, राहू दे आता.” त्यांनी दंड सोडवला, टोपी काढली, आणि समोरचं न दिसणाऱ्या माणसासारखे एक हात पुढे करून वॉल्टरच्या खुर्चीकडे निघाले. “वॉल्टर,” ते इंग्रजीत म्हणाले, “मला तुझी माफी मागायची आहे.”

तेव्हा मी उठले. घडीची खुर्ची मागे पडली आणि सगळ्यांनी बघितलं. मी काकांच्या बाहीला धरलं आणि मराठीत म्हटलं, “काका, नऊ आहे.”

ते थांबले. “मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?”

“नाही.”

“सई, मला खोटं नकोय. आता मुळीच नको.”

मी त्यांचा हात धरला, त्यांचं बोट कागदावर ठेवलं. ते पेन्सिल दाबून लिहायचे, कागदावर खाच उरलेली होती. पण बोटाला ती कळली की नाही कोण जाणे. ते नुसते वाट बघत राहिले, माझ्या आवाजाची. मग म्हणाले, “हे मला कशाला सांगतेस? त्याला सांग. मोठ्याने सांग, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

वॉल्टर सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. तंबूतले कागद हलायचे थांबले होते. मी इंग्रजीत बोलले, एवढ्या मोठ्याने की शेवटच्या रांगेतल्या माणसानेही मान वर केली.

“मिस्टर वॉल्टर, वहीत नऊ आहे. नऊ म्हणजे राइट फील्डर. एक मी लिहिला. मला मराठी आकडे वाचता येत नाहीत, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.”